बिस्किटातील बोर

गेल्या वर्षी संक्रांतीची सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी आमच्या नववीच्या वर्गाने एकत्र फराळ केला. प्रत्येकाने घरून काही तरी आणावे व सर्वांनी मिळून खावे, एवढाच साधा बेत होता. एका विद्यार्थ्याने हैदराबादहून आलेला फळांच्या बिस्किटांचा डबा आणला होता. डबा उघडला मात्र, पाच मिनिटांत त्याच्या तळाशी कागद तेवढा उरला. दुसरा एक विद्यार्थी पैनगंगेकडील एका खेड्यातून रोज सायकलने शाळेत येतो. त्याने वहीच्या कागदाची एक पुडी आणली होती, आणि तीत बोरकूट होते. पुडी एकदा सर्वांपुढून फिरली. "हे तर फाटकाबाहेर मिळतं!" असे कोणी तरी म्हणाले आणि हशा पिकला. त्या मुलाने पुडीची पुन्हा घडी घातली व ती खिशात ठेवली. हे सर्व मी पाहिले. त्या वेळी माझ्याही तोंडात त्या डब्यातीलच बिस्किट होते, म्हणून म्हणा किंवा आळसाने म्हणा, मी काही बोललो नाही.

जे त्या दिवशी बोलावयास हवे होते, ते आज लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की हिवाळ्याच्या सुट्टीत आपल्या घरांतून बिस्किटे भाजली जावीत. तीही साधी नव्हेत, तर इटली देशात ज्यांना बिस्कोटी म्हणतात ती, दोनदा भाजलेली. आणि त्यांत जे फळ घालावयाचे ते डब्यातील रंगीत तुकड्यांचे नसावे; आपल्या बांधावरचे बोर असावे.

मराठीच्या शिक्षकाने भट्टीच्या कामात लक्ष घालावे याचे कोणास हसू आले तर खुशाल येवो. माझी घरची भाषा कोकणी. माझे बालपण गोव्यात गेले, आणि तेथे नाताळचे दिवस आले म्हणजे शेजारच्या ख्रिस्ती घरातून आमच्याकडे झाकलेले ताट येत असे. त्यात नेवऱ्या असत, दोदोल असे, साखरेत घोळलेली कुलकुले असत आणि नारळाची खरपूस बोलिन्ये असत. हे ताट आई रिकामे परत करीत नसे. चवथीला आणि दिवाळीला आमचे ताट त्यांच्याकडे जाई. कोणाचा पदार्थ कोणत्या देशातून आला, हा प्रश्न त्या ताटापुढे बसून मला कधी पडला नाही. तो पडला येथे, आदिलाबादेस आल्यावर, त्या बोरकुटाच्या पुडीमुळे.

बिस्किट हा शब्दच मुळी दोनदा भाजण्याचा आहे. लॅटिन भाषेत 'बिस' म्हणजे दोनदा आणि 'कोक्तुस' म्हणजे शिजवलेले. त्यापासून इटालियन भाषेत 'बिस्कोत्तो' झाले. बिस्कोटी हे त्याचेच अनेकवचन. पोर्तुगीजांत तोच शब्द 'बिस्कोइतो' झाला आणि आम्ही कोकणीत 'बिस्कूट' म्हणू लागलो. या दुसऱ्या भाजण्यात चैन नव्हती, गरज होती. समुद्रावर महिनोन् महिने फिरणाऱ्या खलाशांना जे अन्न बुरसणार नाही असे हवे होते, ते पीठ भाजून, पुन्हा भाजून, त्यातील ओल पार काढून टाकून तयार केले जाई. अन्न नासविणाऱ्या सूक्ष्म जीवांना पाणी लागते. पाणी काढून घेतले की त्यांचे काही चालत नाही. आपल्या आया उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळवितात त्यामागे हेच शास्त्र आहे. एवढेच नव्हे, तर बेकरीवाला पावाचे काप करून पुन्हा भट्टीत सरकवतो आणि आपण ज्याला टोस्ट म्हणून चहात बुडवितो, तो या बिस्कोटीचा सख्खा भाऊ आहे. तेव्हा पद्धत आपल्याला परकी नाही, नाव तेवढे परके आहे.

आज जगभर जी बिस्कोटी प्रसिद्ध आहे तिचे गाव इटलीतील तस्कनी प्रांतातले प्रातो. तेथे अंतोनियो मात्तेई नावाच्या मिठाईवाल्याने १८५८ साली दुकान घातले आणि बदाम घातलेली ही लांबट बिस्किटे नावारूपास आणली. ते दुकान अद्याप चालू आहे. प्रातोच्या या बिस्किटांत लोणी नसते, तेल नसते. मैदा, साखर, अंडी आणि बदाम एवढ्यावर काम भागते. म्हणून ती इतकी कडक असतात, की तेथील लोकही ती गोड द्राक्षासवात बुडवून खातात. आपल्याला चहा आहेच. फळे घालण्याची चाल ही नंतरची आणि ठिकठिकाणची. जेथे जे पिकते ते तेथील गृहिणीने घातले. माझा सगळा मुद्दा याच एका गोष्टीवर उभा आहे.

आता कोणी म्हणेल, परदेशी बिस्किटांचे एवढे कौतुक कशाला? हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली व सभेनंतर मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे दोघेही त्या सभेस होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि शहरात मोठे वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताची चर्चा झाली, ग्रामण्य झाले. एका बिस्किटाने केवढी माणसे अडचणीत आणली! आज त्याच पुण्यात परगावचा पाहुणा स्टेशनवर उतरला, की घरी नेण्यासाठी बिस्किटांचा पुडा शोधतो. शंभर-सव्वाशे वर्षांत बिस्किटाचा बाट नाहीसा झाला. मला गंमत वाटते ती ही, की तेव्हा जो कमीपणा बिस्किट खाणाऱ्याला येत होता, तो आता बोर खाणाऱ्याला येऊ लागला आहे. लाज तीच राहिली, तिने घर तेवढे बदलले.

ज्या डब्यावर आमचा वर्ग तुटून पडला, त्या प्रकारच्या बिस्किटांना मी नावे ठेवीत नाही. हैदराबादची फळांची बिस्किटे ही या राज्याची एक ओळखच आहे. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या खानचंद रामनानी यांनी १९५३ साली हैदराबादेत कराची बेकरी सुरू केली. सोडून यावे लागलेल्या गावाचे नाव दुकानाला देऊन एक माणूस नव्या गावात भट्टी पेटवितो आणि त्याचे बिस्किट पुढे त्या नव्या गावाचेच होऊन जाते, ही हकीकत इतिहासाच्या पुस्तकात शोभावी अशी आहे. तथापि, अशा बिस्किटांतून लाल, हिरवे, पिवळे जे पारदर्शक तुकडे दिसतात, ज्यांना बाजारात टूटी-फ्रूटी म्हणतात, ते कोणत्या फळाचे असतात हे मी वर्गात विचारले. कोणी चेरी म्हणाले, कोणी अननस म्हणाले. वस्तुतः आपल्या देशात ते बहुतेक कच्च्या पपईचे असतात. कच्ची पपई चिरायची, पाकात मुरवायची आणि तिला रंग द्यायचा. आणि पपई तरी आपली कोठे? ती, काजू, अननस ही सारी अमेरिका खंडातून आली. आणि त्यांना येथे आणण्यात पोर्तुगीजांचा हात मोठा होता. जी पपई आपल्या परसात आपोआप उगवते ती परकी, आणि तिचे रंगविलेले तुकडे मात्र ऐटदार! ज्याला कोणी रंगविले नाही ते बोर राहिले पुडीत.

बोराची योग्यता आपण विसरलो आहोत, असे मी म्हणणार होतो. परंतु ते खरे नाही. आपल्या घरांना ती पुरती ठाऊक आहे. संक्रांतीनंतर मराठी घरांत लहान मुलाला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हलवा, चुरमुरे ओततात, त्याला आपण बोरन्हाण म्हणतो. आमच्या शेजारच्या तेलुगू घरी भोगीच्या दिवशी नेमके हेच होते. मुलाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे तुकडे, फुलांच्या पाकळ्या आणि नाणी ओततात आणि त्याला भोगी पळ्ळु म्हणतात. भाषा दोन, मुले दोन, बोर एक. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, त्या वेळी या जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे तालुके पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. तालुक्यांची वाटणी करता आली, बोरीची काही करता आली नाही. पुन्हा, तेलुगू घरांत बोरे, हिरवी मिरची, गूळ, मीठ व जिरे कुटून त्याच्या चपट्या वड्या उन्हात वाळवितात. त्या रेगी वडियालु ज्याने चाखल्या असतील, त्याला बोराच्या चवीविषयी मी काही सांगावयास नको.

त्या सुट्टीत मी घरी प्रयोगास बसलो. आमच्याकडे भट्टी नाही, आणि बहुतेकांच्या घरी नसतेच. जाड बुडाच्या मोठ्या कढईत बोटभर मिठाचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवावी, घट्ट झाकण घालावे आणि पंधरा मिनिटे मंद आचेवर कढई तापू द्यावी, म्हणजे भट्टी तयार होते. पहिल्या खेपेला मी उत्साहाच्या भरात ताज्या बोरांचा गर काढून पिठात मिसळला. गोळा पसरला, वरून तांबूस झाला, आतून मात्र चिकट राहिला. काप करून पुन्हा भाजले, तेव्हा ते चामड्यासारखे झाले आणि तिसऱ्या दिवशी त्यांवर बुरशी आली. दुसऱ्या भाजण्याचे शास्त्र मला पाठ होते, पण ताज्या फळात पाणी किती असते, याचा विचार मी केला नव्हता. गोव्याला आईला दूरध्वनी करून ही कथा सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "बोरांचीं बिस्कुटां? तीं कोण खातलो रे?" यावर काय उत्तर द्यावे मला सुचले नाही.

दुसऱ्या खेपेला मी बोरे वाळवून घेतली. येथे एक सूचना करावीशी वाटते. हल्ली बाजारात सफरचंदाएवढी मोठी कलमी बोरे येतात, ती या कामाची नव्हेत; ती पाणचट असतात. बांधावरची, करवंदाहून थोडी मोठी, आंबटगोड गावरान बोरे घ्यावीत. आदिलाबादच्या पौषातील ऊन यासाठी फार चांगले. रात्री आपल्याकडे पारा तेलंगणात सर्वांत खाली जातो, काही वर्षी तर पाच अंशांच्याही खाली. पण दिवसा हवा कोरडी असते. पाच-सहा दिवसांत बोरे सुरकुतून तांबडीकाळी होतात. ती हलक्या हाताने कुटली, की बी अखंड निघते आणि गर मागे उरतो. हाच गर कुटून मीठ घातले म्हणजे बोरकूट झाले. अर्थात त्या पुडीत जे होते तेच अखेर मला लागले.

अडीचशे ग्रॅम मैदा, दीडशे ग्रॅम साखर, लहान चमचाभर बेकिंग पावडर, दोन अंडी, मूठभर वाळल्या बोरांचा गर आणि नागपुरी संत्र्याची किसलेली साल, एवढे घेऊन घट्ट गोळा मळावा. हिवाळ्यात नागपूरहून संत्र्यांचे ट्रक महामार्गाने सरळ आपल्या दारात येतात. आपण फोडी खातो आणि खरा सुवास उकिरड्यावर टाकतो. मात्र किसताना सालीचा केशरी भागच घ्यावा. पांढरा घेतला तर कडू होते. ज्वारी घालण्याची इच्छा असेल तर मैद्याचा चौथा हिस्सा ज्वारीचे पीठ घ्यावे. त्याहून अधिक घेतले तर ज्वारीला चिकटपणा नसल्याने काप मोडतात. अंडे न खाणाऱ्या घरांनी दही आणि थोडे तेल घालावे. बिस्किट अधिक ठिसूळ होते, चवीला उणे पडत नाही. गोळ्याचा हातभर लांब, चार बोटे रुंद असा लोड करावा. कढईत मावत नसेल तर दोन करावेत. घरी विजेची भट्टी असल्यास १८० अंशांवर अर्धा तास पुरतो. कढईत तीन पाव तास लागतात. नंतर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. हे थांबणे मुलांना जमत नाही, आणि गरम लोडावर सुरी घातली की त्याचा चुरा होतो. निवाल्यावर दातेरी सुरीने बोटाच्या जाडीचे तिरपे काप करावेत, ते आडवे मांडून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटे पुन्हा भाजावेत. पूर्ण थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत, म्हणजे दोन-तीन आठवडे टिकतात. तापलेली कढई आणि सुरी ही कामे मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावीत. एवढा मास्तरपणा मला करू द्यावा.

बदामाच्या जागी मी चारोळी घातली. या जिल्ह्याच्या जंगलात चारोळी होते. आपले गोंड व कोलाम बांधव ती वेचतात, फोडतात, आणि शहरातील दुकानात आपण ती बदामाच्या बरोबरीच्या भावाने घेतो. मधल्या मधे त्यांच्या हाती काय पडते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एकदा बाजाराच्या दिवशी जाऊन विचारावे. प्रातोच्या मिठाईवाल्याला बदाम जवळ होते, त्याने बदाम घातले. आपल्याला चारोळी जवळ आहे. आणि ही कल्पना माझ्या एकट्याच्या डोक्यातून निघालेली आहे असेही नव्हे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्याच्या राजाखोह गावी चार भगिनी मोहाच्या फुलांची बिस्किटे करतात. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील 'मन की बात' कार्यक्रमात त्यांचा उल्लेख केला, आणि त्याच वेळी मोहाचे पदार्थ करणाऱ्या आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील दोन भगिनींचाही केला. आपल्या वर्गातील किती जणांना ते ठाऊक होते? मला ठाऊक नव्हते; एका विद्यार्थिनीने सांगितले.

बोर पौष्टिक असते म्हणून ते बिस्किटात घाला, असे मात्र मी म्हणणार नाही. बोरात क जीवनसत्त्व पुष्कळ असते हे खरे. पण ते उष्णतेने नष्ट होते, आणि येथे तर दोनदा भाजणे आहे. जीवनसत्त्व हवे असेल त्याने झाडाखाली जावे.

माझ्या एका सहकारी मित्राने या सर्व खटाटोपावर जो आक्षेप घेतला तो मला आजही टोचतो. ते म्हणाले, "बोरकूट जसे आहे तसेच उत्तम आहे. त्याला इटालियन अंगरखा घातल्यावाचून जर मुले त्याला मान देणार नसतील, तर तुम्ही बोराचा मान वाढविला नाही, बिस्किटाचा वाढविला." यात तथ्य आहे. त्या दिवशी वर्गात करावयाची गोष्ट सोपी होती. मी हात पुढे करून चिमूटभर बोरकूट मागून घ्यावयाचे होते. त्याला कढई लागत नव्हती. परंतु मित्राचे म्हणणे मी पुरतेपणी मानीतही नाही. रेगी वडियालूत जी मिरची पडते ती तरी कोठली? तीही समुद्रापलीकडून आली, बोराशेजारी बसली, आणि आज तिच्यावाचून त्या वडीला कोणी वडी म्हणणार नाही. परक्या पद्धतीत आपले फळ घालणे आणि परक्या फळाला आपल्या पद्धतीत घेणे, ही दोन्ही कामे आपल्या स्वयंपाकघरांनी चारशे वर्षे केली आहेत. मला भीती वाटते ती तिसऱ्याच गोष्टीची, की पद्धतही विकतची आणि फळही विकतचे, असे होऊन बसेल आणि मुलाच्या हातांना कशाचीच माहिती राहणार नाही. मुलाच्या म्हणजे मुलग्यांच्याही. आमच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा मुलींनी साखरेचे प्रमाण विचारले आणि मुलग्यांनी डबा कोठे आहे ते विचारले.

सुट्टी संपल्यावर मी काप घेऊन वर्गात गेलो. आत काय आहे ते मुद्दाम सांगितले नाही. कोणी खारीक म्हणाले, कोणी चिंच म्हणाले. सायकलने येणारा तो विद्यार्थी शेवटच्या बाकावर होता. त्याने एक तुकडा तोडला, जिभेवर घोळविला आणि म्हणाला, "सर, बोर हाय यात." मग पुन्हा एक घास घेऊन, थोडा संकोचत, "पण मीठ टाकायचं राहिलं."

कोणी हसले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आईला विचारून प्रमाण आणले. वाटीभर बोराला पाव चमचा मीठ, आणि गूळ घातला तर थोडे अधिक. ते वहीच्या कागदावर लिहिलेले होते आणि कागदाला बोरकुटाचा वास होता. यंदाच्या संक्रांतीला मी त्या प्रमाणाने केले. हा अंक हाती पडेल तेव्हा बोरांचा हंगाम सरत आलेला असेल, तरी महाशिवरात्रीपर्यंत बाजारात बोरे मिळतात. ती आताच वाळवून बरणीत भरून ठेवली, तर पुढच्या हिवाळ्याला उपयोगी पडतील.